मृगाच्या डोक्याभोवतीचं लाल कडं: खान्देशातून फिकट नेब्युलाचा फोटो कसा काढायचा

ओरायन नेब्युला आता सगळ्यांचाच काढून झालाय, चांगल्या मोबाईलवरसुद्धा येतो तो, त्यामुळे त्याच्याबद्दल इथे काही नाही. बोलायचंय ते खरोखर फिकट नेब्युलाबद्दल (नेब्युला म्हणजे ताऱ्यांमधला वायू-धुळीचा ढग), म्हणजे दोन मिनिटांचं एक्स्पोजर मारून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितलं तर नुसते तारे आणि करडं आकाश दिसतं, आणि आपण म्हणतो जाऊ दे भो, इथे काही नाहीये. असतं. प्रत्येक फ्रेममध्ये थोडं थोडं असतंच, फक्त ते नॉइजच्या, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाच्या खाली दबलेलं असतं आणि वर काढायला तास लागतात. नवीन पोरं पहिले विचारतात कॅमेरा कोणता घेऊ. माझं मत असं की कॅमेरा तिसऱ्या नंबरवर येतो, पहिला नंबर एकाच टार्गेटवर घातलेल्या तासांचा आणि दुसरा फ्लॅट फ्रेम्सचा (लेन्सचा दोष काढायला घेतलेले कोऱ्या उजेडाचे फोटो, पुढे सांगतो). या दोन गोष्टी ज्याच्याकडे आहेत तो कॅननच्या जुन्या ६००डी वर पण फोटो काढतो.

उदाहरणाला एकच टार्गेट घेतो म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. मृग नक्षत्र सगळ्यांना ओळखता येतं, मधे बाणाचे तीन तारे, खाली व्याध. त्या मृगाच्या वरच्या टोकाला, आर्द्रा म्हणजे बेटेलज्यूस आणि समोरच्या खांद्यावरचा बेलाट्रिक्स यांच्या वरती, मधोमध तीन बारीक ताऱ्यांचा छोटासा त्रिकोण आहे. त्यातला ठळक तो लॅम्डा ओरायनिस, मायसा. हा ओ वर्गातला प्रचंड तापलेला तारा, याच्या अतिनील किरणांनी आजूबाजूच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात, ते परत प्रोटॉनला चिकटून खालच्या पायऱ्यांवर उतरले की लाल प्रकाश पडतो, ६५६.३ नॅनोमीटरचा, त्याला एच-अल्फा म्हणतात. एमिशन नेब्युला म्हणजे एवढंच. मायसाच्या भोवती या लाल प्रकाशाचं मोठं गोल कडं आहे, साधारण १३०० प्रकाशवर्षांवर, आणि आकाशातली रुंदी सहा-सात अंशांच्या आसपास, म्हणजे पौर्णिमेचे डझनभर चंद्र ओळीने ठेवले तरी मावतील. स्टुअर्ट शार्पलेसने १९५९ साली अशा ३१३ ढगांची यादी छापली त्यात हा २६४ नंबरला, म्हणून शार्पलेस २-२६४. इंटरनेटवर एंजलफिश नेब्युला म्हणूनही सापडेल.

हेच का निवडलं? एक तर एवढं मोठं आहे की टेलिस्कोप लागतच नाही, साधी ८५ एमएम ची लेन्स पुरते. दुसरं म्हणजे आपल्या अक्षांशावरून ते जवळजवळ डोक्यावर येतं. धुळे, जळगाव साधारण २१ अंशांवर आणि मायसा उत्तर क्रांती १० अंशांवर (आकाशाच्या विषुववृत्ताच्या उत्तरेला १० अंश), त्यामुळे मध्यावर, म्हणजे आकाशात सगळ्यात उंच असताना ते खस्वस्तिकापासून, बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून ११ अंशच लांब राहतं, तिथे गावाचा उजेड आणि धुरळा सगळ्यात कमी.

कधी काढायचं

आपल्याकडे मृग म्हटलं की जून, पेरणी, कपाशीची लागवड, पण तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो त्यामुळे ते तारे दिवसा वर असतात आणि दिसत नाहीत. फोटोसाठी मृग बघायचा तो हरभऱ्याला घाटे धरतात तेव्हा. डिसेंबरच्या मध्याला मायसा रात्री साडेबाराच्या सुमारास मध्यावर येतो (बारालाच का नाही, तर आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण ७५ च्या आसपास, म्हणून अर्धा तास उशीर), जानेवारीच्या मध्याला साडेदहा, फेब्रुवारीच्या मध्याला साडेआठ. क्षितिजापासून ३० अंशांच्या वर असतानाचा वेळच कामाचा धरायचा, तो मध्याच्या आधी चार तास आणि नंतर चार तास. म्हणजे डिसेंबरात एका रात्रीत आठ तास मिळतात, आणि अमावास्येच्या आजूबाजूचे दिवस धरले तर चंद्र आड येत नाही. फेब्रुवारीत अंधार पडल्यावर जेमतेम पाच-सहा तास उरतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारी सोडू नका.

कुठून काढायचं

तोरणमाळ सगळ्यांच्या डोक्यात पहिलं येतं, उंची हजार मीटरच्या वर, हवा कोरडी आणि स्वच्छ, आकाश खरंच काळं. पण दरवेळी तिथे जाणं होत नाही आणि गरजही नाही. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर अंधार चांगला आहे, फक्त पवनचक्क्यांचे दिवे फ्रेममध्ये येणार नाहीत अशी जागा बघा. चाळीसगावकडचे लोक पाटणादेवीच्या बाजूला जातात, तिथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याबद्दलचा, तर आकाशाचं वेड या भागाला नवीन नाही. पण ते गौताळा अभयारण्य आहे, यावल-पाल पण अभयारण्य आहे, आणि रात्री जंगलात परवानगीशिवाय घुसायचं नाही, बिबट्या आहे. माझ्या मते सगळ्यात बरी जागा म्हणजे ओळखीच्या कोणाचं तरी शेत, शहरापासून २५-३० किलोमीटर आत.

जागा अंधारी आहे का हे बघायला ॲप लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं मोबाईल खिशात ठेवून डोळे अंधाराला सरावू द्या आणि मृगाच्या डोक्याचा तो त्रिकोण बघा. लॅम्डा ३.४ प्रतीचा, बाकीचे दोघं ४.१ आणि ४.४ चे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका). तिघं वेगवेगळे स्वच्छ दिसले तर कामाला लागा. नुसता एक धुरकट ठिपका दिसत असेल तर गाडी अजून पुढे घ्या.

शेतात जायचं तर दोन गोष्टी आधी विचारून घ्या. पहिली, या आठवड्यात शेताला लाईट रात्रीची आहे का दिवसाची. रात्रीची थ्री फेज असली की पिकाला बारी (पाणी) द्यायला माणसं येतात, विहिरीवरचा एलईडी लागतो, हेडटॉर्च थेट तुमच्या लेन्सवर येतो, आणि त्यांचं काही चुकत नाही, काम त्यांचं आहे. दुसरी, शेजारच्या शेतवाल्यांना आणि पोलीस पाटलाला सांगून ठेवा. मोटारी आणि केबल चोरीला जातात त्यामुळे अंधारात लाल बॅटरी घेऊन कोणी खुडबुड करतंय म्हटल्यावर "कोन शे रे तठे?" अशी हाक येणारच, आणि हाकेबरोबर काठी पण येते. आधी सांगितलेलं असलं तर तीच माणसं दुसऱ्या दिवशी भरीत-भाकरीला थांबवून घेतात.

केळीच्या बागेला लागून सामान लावू नका. रावेर-यावल पट्ट्यात बागेच्या कडेला दमटपणा इतका असतो की मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव बसतंच. तापी-गिरणेच्या काठी पण तेच. उघडं, थोडं उंचावरचं, कोरडवाहू रान बघा.

सामान

कॅमेरा कुठलाही डीएसएलआर किंवा मिररलेस, रॉ देणारा. एक गोष्ट माहीत असू द्या, साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे जो फिल्टर असतो तो एच-अल्फाचा बराचसा लाल अडवतो, चौथा हिस्सा आत आला तरी खूप. म्हणून लोक तो फिल्टर काढून घेतात, त्याला मॉडिफाइड कॅमेरा म्हणतात. सेकंडहँड जुनी बॉडी घेऊन ती मॉडिफाय करणं हा माझ्या मते नव्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी चांगला खर्च आहे, फक्त ते काम जाणकाराकडूनच करून घ्या, वॉरंटी जाते आणि लग्नाचे फोटो लालबुंद येतात, त्याला कस्टम व्हाइट बॅलन्स लावावा लागतो. मॉडिफाय करायचा नसेल तरी निघतं, तास दुप्पट-तिप्पट घालायची तयारी ठेवा.

लेन्स ८५ एमएम असेल तर एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर साधारण १५ बाय १० अंशांचा तुकडा मिळतो, कडं पूर्ण बसून चारही बाजूंना मोकळं आकाश राहतं. हे मोकळं आकाश प्रोसेसिंगला लागतं, पुढे सांगतो. १३५ एमएम वर कडं काठोकाठ भरतं, दिसायला भारी पण नवख्याला जड जातं. ५० एमएम वर पूर्ण मृग येतो आणि बर्नार्डने १८९४ मध्ये फोटोत पकडलेली ती मोठी कमान, बर्नार्ड्स लूप, तीपण येते, पण मग कडं छोटं होतं. ॲपर्चर पूर्ण उघडा टाकू नका, एफ/१.८ ची लेन्स एफ/२.८ वर आणा, नाहीतर प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती जांभळी झालर येते आणि कोपऱ्यातले तारे पक्ष्यासारखे पंख काढतात.

ट्रॅकर हवाच. ट्रॅकर नसेल तर ८५ एमएम वर दोन-तीन सेकंदांच्या पुढे तारे लांबट होतात आणि दोन सेकंदांत या नेब्युलाचा किती प्रकाश येणार? स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर किंवा तसला कुठलाही छोटा ट्रॅकर, जो पृथ्वीच्या उलट २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी मारतो, पुरेसा आहे. बाकी इंटरव्हलोमीटर (आपोआप एकामागून एक फ्रेम मारणारा रिमोट), दवासाठी यूएसबी वर चालणारी हीटर पट्टी, मोठी पॉवर बँक, आणि शक्य असेल तर डमी बॅटरी (वायरीने बाहेरून वीज देणारी), कारण थंडीत बॅटरी लवकर बसते आणि मधेच बदलायला गेलं की फ्रेमिंग हलतं.

एच-अल्फा आणि ऑक्सिजन दोन्ही सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर मिळतो. शहराच्या जवळून काढणाऱ्याला तो वरदान आहे. अंधाऱ्या शेतातून मॉडिफाइड कॅमेऱ्याने काढत असाल तर सुरुवातीला नका घेऊ, ताऱ्यांचे रंग जातात.

लावायचं कसं

ट्रॅकरचा फिरायचा दांडा ध्रुवाकडे रोखावा लागतो, त्याला पोलर अलाइनमेंट म्हणतात. आता त्यात आपल्या भागाची खास भानगड. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, म्हणून ध्रुव क्षितिजापासून फक्त २१ अंशांवर. सातपुड्याच्या पायथ्याला एखाद्या टेकडाच्या कुशीत किंवा झाडांच्या दक्षिणेला बसलात की ध्रुवच दिसत नाही, मग अलाइनमेंट कशाचं करणार? म्हणून दिवसा जागा बघताना पहिले उत्तर बघा, आणि हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश असते, क्षितिजावर दोन मुठी एकावर एक ठेवून त्याच्या वर मोकळं पाहिजे.

वेज, म्हणजे ट्रॅकरखालचा कोन बदलायचा भाग, २१ वर आणला की ट्रॅकर जवळजवळ आडवाच झोपतो, युरोपातल्या व्हिडिओत दिसतो तसा तिरपा उभा राहत नाही. त्यामुळे ट्रायपॉडचा एक पाय बरोबर उत्तरेकडे करा, म्हणजे पुढे झुकलेलं वजन त्या पायावर येतं, आणि काउंटरवेटचा (कॅमेरा तोलणाऱ्या वजनाचा) दांडा रात्री फिरताना पायाला अडतोय का हे कॅमेरा लावायच्या आधी हाताने पूर्ण फिरवून बघा. ट्रायपॉडचे पाय बाहेर काढू नका, बुटका ठेवा. नांगरलेल्या रानात पाय खचतात, बांधावर किंवा दगडावर ठेवा.

ध्रुव तारा बरोबर ध्रुवावर नाही, पाऊण अंशाच्या आत पण जरा बाजूला आहे, तर पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरमधल्या छोट्या दुर्बिणीत) तो वर्तुळावर किती वाजता ठेवायचा ते ॲप सांगतं. ८५ एमएम ला यात जीव काढू नका, एक पिक्सेलच नऊ-दहा आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असतो, पाच मिनिटांत जमेल तेवढं पुरे. मग पुढचा वेळ फोकसला द्या. रोहिणी किंवा व्याधावर कॅमेरा धरा, लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करा आणि रिंग केसाएवढी केसाएवढी फिरवत तारा सगळ्यात बारीक होईल तिथे थांबा. बाहतिनोव्ह मास्क (फोकससाठी लेन्सपुढे धरायची जाळी) असेल तर मधली रेघ बरोबर मधे आणायची. झालं की रिंगला चिकटपट्टी. संध्याकाळी वीस-बावीस डिग्री आणि पहाटे दहाच्या खाली असं आपल्याकडे डिसेंबरात होतं, त्यात लेन्स आकसते, म्हणून दीड-दोन तासांनी एक फ्रेम मोठी करून फोकस परत बघा.

सेटिंग: रॉ, मॅन्युअल, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. आयएसओ ८०० किंवा १६००, एक्स्पोजर १२० सेकंद, मग हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख बघा. डोंगर डाव्या काठापासून सुटून चौथ्या हिश्श्याच्या आसपास आला पाहिजे. काठाला चिकटला असेल तर वेळ वाढवा, मध्यावर गेला तर कमी करा. नेब्युला दिसतोय का हे बघू नका, दिसणार नाही. मायसा मधे आहे ना एवढंच बघायचं.

आणि मग मारत राहायचं. १२० सेकंदांच्या १५० फ्रेम म्हणजे पाच तास, हा या टार्गेटचा किमान आकडा धरा. हिशोब असा की सिग्नल वेळेच्या पटीत वाढतो आणि नॉइज वर्गमुळाच्या पटीत, त्यामुळे फोटो दुप्पट स्वच्छ करायला चौपट तास लागतात. एक तासाचे चार तास केले तर फरक डोळ्यात भरतो, आठचे नऊ केले तर काही कळत नाही. म्हणूनच एका रात्रीत पाच टार्गेट मारणाऱ्याचे पाचही फोटो कच्चे राहतात. एकच घ्या. हवं तर सलग दोन रात्री तेच घ्या.

मधे मधे डिदरिंग करा, म्हणजे दर चार-पाच फ्रेमनंतर ट्रॅकरच्या बटणाने कॅमेरा किंचित, अगदी किंचित इकडे-तिकडे सरकवायचा. हे नाही केलं तर सेन्सरचे खराब पिक्सेल दर फ्रेमला एकाच दिशेने घसरत जातात आणि स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळ्या फ्रेम जोडून एक फोटो केल्यावर वाऱ्यातल्या पावसासारख्या तिरप्या रेघा सगळ्या फोटोभर पडतात. त्या कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाहीत.

फ्लॅट, डार्क, बायस

इथे बहुतेक लोक कंटाळा करतात आणि फोटो इथेच मार खातो. कुठल्याही लेन्सचे कोपरे मधल्यापेक्षा काळे येतात, आणि सेन्सरवर धुळीचे डाग असतात, आपल्याकडे तर असतातच. ओरायन नेब्युलासारख्या ठळक गोष्टीला याने फरक पडत नाही. पण शार्पलेस २-२६४ हा आकाशाच्या उजेडापेक्षा जेमतेम काही टक्क्यांनी उजळ असतो आणि लेन्सचा कोपरा मध्यापेक्षा कितीतरी पट जास्त काळवंडलेला असतो, म्हणजे लेन्सचा दोष नेब्युलापेक्षा मोठा. फोटो ताणला, म्हणजे फिकट भाग उजळवला की मधे एक गोल उजेड आणि कडेला काळोख, आणि हे नेब्युलाचं कडं का लेन्सचं कडं हे तुम्हाला स्वतःलाच सांगता येत नाही.

फ्लॅट काढायला खर्च शून्य. शूटिंग संपलं की फोकस, ॲपर्चर, आयएसओ काही न हलवता, लेन्स न काढता, लेन्सच्या तोंडावर धुतलेला पांढरा बनियन ताणून रबर लावा, सुरकुती नको, आणि उजाडायच्या वेळचं कोरं आकाश किंवा टॅब्लेटची पांढरी स्क्रीन समोर धरा. ॲपर्चर प्रायॉरिटीवर कॅमेरा स्वतःच शटर ठरवतो, हिस्टोग्रामचा डोंगर मध्याच्या आसपास आला पाहिजे. ३० फ्रेम काढा. मधे मधे टॅब्लेट थोडा फिरवा म्हणजे स्क्रीनचा स्वतःचा कमी-जास्तपणा मिटतो. हीटर पट्टी काढताना फोकस रिंग हलली तर ते फ्लॅट बिनकामाचे, म्हणून पट्टी फ्लॅट झाल्यावरच काढायची.

बायस आणि डार्क सेन्सरचा स्वतःचा दोष वजा करायला लागतात. बायस सोपे: झाकण लावून, तोच आयएसओ, कॅमेऱ्याचं सगळ्यात जलद शटर, ५० फ्रेम. डार्क म्हणजे झाकण लावून तेच १२० सेकंद, २० फ्रेम तरी. डार्कला सेन्सरचं तापमान फोटोच्या वेळच्या जवळपास पाहिजे, त्यामुळे घरी येऊन दुपारी काढलेले डार्क चालत नाहीत, आपल्या दुपारचे तर मुळीच नाही. सामान आवरता आवरता शेतातच काढा. व्ह्यूफाइंडरवर काळा कपडा टाका.

प्रोसेसिंग

सिरिल हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं. त्याच्या आधी हार्डडिस्क बघा. २४ मेगापिक्सेलची एक फ्रेम तीन रंग आणि ३२ बिट धरली तर साधारण २९० एमबी ची होते, १५० फ्रेमच्या ४३ जीबी, आणि प्रत्येक टप्प्याला तेवढीच नवीन फाइल बनते. दीडशे-दोनशे जीबी मोकळी जागा नसेल तर अर्ध्यात अडकेल, मग सेटिंगमध्ये १६ बिट करून घ्या.

एका फोल्डरमध्ये चार फोल्डर करायचे, लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस, नावं इंग्रजीत आणि स्पेलिंग सिरिलला पाहिजे तसंच, त्यात रॉ फाइली टाका. त्याआधी लाइट्स, म्हणजे आकाशाच्या फ्रेम, एकदा डोळ्याखालून घाला, ढग आलेली, कोणाच्या बॅटरीत धुतलेली, तारे लांबलेली फ्रेम काढून टाका. विमानाची रेघ असलेली ठेवा, स्टॅकिंगमध्ये ती आपोआप गळते. मग कलर कॅमेऱ्याची तयार स्क्रिप्ट चालवा आणि चहा घ्या, जुन्या लॅपटॉपवर जेवणही होईल.

स्टॅक उघडला की काळाकुट्ट दिसतो, घाबरू नका, खाली लिनियरच्या जागी ऑटोस्ट्रेच निवडा. हे फक्त बघायला असतं, फाइल अजून तशीच आहे, हे विसरून लोक तसंच सेव्ह करतात आणि मग काळा फोटो का आला म्हणून विचारत बसतात. आता पहिल्यांदा ते कडं दिसेल, अर्धवट, मातकट लाल. आधी चारही कडा कापून टाका, डिदरिंगमुळे तिथे घाण असते.

पुढची पायरी बॅकग्राउंड काढण्याची आणि फिकट नेब्युला मरतो तो इथेच. गावाच्या उजेडाने आकाश एका बाजूला उजळ असतं, ते सपाट करायला सॉफ्टवेअर फोटोभर ठिपके टाकतं आणि ठिपक्यांखालचा उजेड आकाश समजून वजा करतं. आता तुमचं कडं मधला मोठा भाग व्यापून बसलंय, ठिपके आपोआप टाकू दिले तर अर्धे त्याच्यावरच पडतात आणि सॉफ्टवेअर नेब्युलाच आकाश म्हणून पुसून टाकतं. तर सगळे ठिपके काढा, पॉलिनॉमियल निवडा, डिग्री १ ठेवा, आणि हाताने ठिपके फक्त चार कोपऱ्यांत आणि कडेच्या मोकळ्या काळ्या जागेत टाका. मघाशी ८५ एमएम आणि मोकळं आकाश म्हटलं ते याच्यासाठी. ग्रॅक्सपर्ट नावाचं दुसरं फुकट सॉफ्टवेअर आहे, छान आहे, पण या कामात त्याच्या एआयवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, वजा केलेलं बॅकग्राउंड वेगळं उघडून बघा, त्यात गोल लालसर फुगवटा दिसला तर त्याने नेब्युला खाल्लाय.

मग प्लेट सॉल्व्ह करा, म्हणजे सॉफ्टवेअर तारे ओळखून फोटोचा पत्ता लावतं, मायसाचं नाव टाकून फोकल लेंग्थ आणि पिक्सेल साइज दिली की होतं. त्यानंतर फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन, यात ताऱ्यांच्या माहीत असलेल्या रंगांवरून फोटोचा रंग जुळतो. मनाने स्लायडर हलवून रंग बसवण्यापेक्षा हे शंभर टक्के बरं. आर्द्रा फ्रेमच्या कोपऱ्यात आली असेल तर ती नारिंगी आणि मायसा निळसर पांढरा दिसला पाहिजे. हिरवट झाक राहिली तर ग्रीन नॉइज काढा.

आता तारे बाजूला करायचे. स्टारनेट सिरिलमधूनच चालतं, एक बिनताऱ्यांची फाइल आणि एक नुसत्या ताऱ्यांची अशा दोन मिळतात. हे का करायचं, तर नेब्युला जोरात ताणायचाय आणि तारे ताणले की फुगून सगळा फोटो भरून टाकतात. बिनताऱ्यांच्या फाइलवर जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच हे ताणायचं टूल घ्या, त्यातला सिमेट्री पॉइंट (जिथे सगळ्यात जास्त ताणलं जातं तो बिंदू) हिस्टोग्रामच्या डोंगराच्या चढणीवर ठेवा आणि एकदम न ताणता चार-पाच वेळा थोडं थोडं ताणा. प्रत्येक वेळी दूर बसून बघा. काळी बाजू फार कापू नका. फोटो दिसायला दमदार व्हावा म्हणून लोक आकाश अगदी काळं करतात आणि कड्याची बाहेरची पातळ झालर त्याच्याबरोबर जाते, जिच्यासाठी पाच तास थंडीत बसलो तीच. बॅकग्राउंड २५५ पैकी २५ ते ३० च्या आसपास राहू द्या.

किती ताणायचं याची खूण म्हणून कड्याच्या काठावरचे दोन काळपट ढग बघा, बर्नार्ड ३० आणि बर्नार्ड ३५. कड्याच्या लाल काठाला लागून तिथे काळं-उजळ अशी स्पष्ट धार आहे. ती धार दिसायला लागली आणि आकाशात अजून दाणेदारपणा आला नाही, तिथे थांबा. धार दिसायच्या आधीच दाणे आले तर तास कमी पडलेत, प्रोसेसिंगने ते भरून निघत नाही. डीनॉइज हलका मारा, जोरात मारला की नेब्युला प्लास्टिकचा दिसतो.

लाल रंगाचं सॅचुरेशन याच बिनताऱ्यांच्या फाइलवर वाढवा, साध्या कॅमेऱ्याला जरा जास्त लागेल. मग ताऱ्यांची फाइल वेगळी हलकीच ताणा आणि सिरिलच्या स्टार रिकॉम्पोझिशनने, नाहीतर गिंप या फोटो-एडिटरमध्ये दोन लेयर घेऊन वरचा स्क्रीन मोडला टाकून, परत बसवा. तारे मूळ फोटोपेक्षा थोडे कमीच ठेवा, कडं उठून दिसतं. आणि फोन किंवा ॲपमधलं ते एक बटण दाबलं की तपशील "वाढवून" देणारं एआय लावू नका, ते आकाशात नसलेले धागे काढून देतं.

शेवटची फाइल १६ बिट टिफमध्ये जपून ठेवा आणि टाकायला वेगळी जेपीजी, एसआरजीबी मध्ये. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की तो दाबून दाबून त्या पातळ झालरीचे चौकोन करतो.

रॉ फाइली आणि त्या रात्रीचे फ्लॅट मात्र उडवू नका. पुढच्या अमावास्येला त्याच लेन्सने अजून चार तास काढले तर दोन्ही रात्री एकत्र करता येतात, फक्त प्रत्येक रात्रीचे लाइट्स त्या त्या रात्रीच्याच फ्लॅटने आधी कॅलिब्रेट करायचे, मग दोन्ही सिक्वेन्स मर्ज करून एकदम रजिस्टर (तारे एकमेकांवर जुळवून) आणि स्टॅक करायचे. कॅमेरा दोन्ही रात्री साधारण सारखाच फिरवलेला असला तर कडा कमी कापाव्या लागतात, त्यासाठी पहिल्या रात्रीची एक जेपीजी मोबाईलमध्ये ठेवा आणि शेतात फ्रेम लावताना समोर धरून मिळवा.